एक कोयता = दोन माणसं

पहिल्या सेमिस्टरला आपण सगळेच युनिट्स पाठ करतो. न्यूटन, पास्कल, वॅट. आमच्या बीड जिल्ह्यात आणखी एक युनिट चालतं, ते आपल्या पुस्तकात नाही. ते म्हणजे 'कोयता'.

कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, हिशेबही कोयत्यावरच. माणसं दोन, मोजमाप एक!

धारूर, वडवणी, पाटोदा या बालाघाटाच्या भागात पाऊस कमी, जमीन हलकी. म्हणून दिवाळीच्या सुमारास माणसं ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात जातात. आमच्या गावची कितीतरी पोरं तेवढे महिने आजीपाशी राहून शिकली.

आता गणित करू. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, टनाला सुमारे 366 रुपये. जोडीने दिवसाला दोन टन तोडला असं धरा. झाले 732, म्हणजे माणशी 366. त्यातूनच उचल फेडायची. वर आजारपणात खाडा झाला की पैसे कापले जातात.

ही खाड्याची भीती कुठवर जाते? डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या 2019 च्या अहवालानुसार, जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. जवळजवळ 17 टक्के! आकडा वाचून पान उलटू नका.

राजकारणाचंही तसंच. 2024 ची विधानसभा निवडणूक 20 नोव्हेंबरला झाली, म्हणजे ऐन गाळपाच्या तोंडावर. तात्पुरतं बाहेर गेल्याने यादीतलं नाव जात नाही, हे कायदा सांगतो. पण नाव गावात नि माणूस फडात असेल तर मत कसं पडणार?

आता हार्वेस्टर आलेत. हाडं मोडणारं काम यंत्राने केलं तर मला आनंदच आहे. पण कोयता सुटलेल्या हाताला दुसरं काम कोण देणार? यंत्र बनवणारे आपण, तेव्हा हा प्रश्नही आपल्याच सिलॅबसमधला.

माझ्या मते सुरुवात युनिटपासून व्हावी. बाईची मजुरी वेगळी मोजा, तिच्याच खात्यात भरा. मोजमाप चुकलं की पुढचं सगळं उत्तर चुकतं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.