बरोबरीत सुटलेली कुस्ती

जत्रेत किंवा उरुसात भरणारा कुस्त्यांचा फड तुम्ही पाहिला असेल. हलगी वाजते, पहिलवान शड्डू ठोकतात आणि एकाची पाठ मातीला लागली, की कुस्ती संपते. पण कधीकधी दोघांपैकी कोणीच हार मानत नाही आणि कुस्ती बरोबरीत सुटते. निकाल न लागल्यामुळे प्रेक्षक हळहळतात. आज आपण ज्या पहिलवानाची ओळख करून घेणार आहोत, त्यांच्या दोन फार मोठ्या कुस्त्या अशाच अनिर्णित राहिल्या होत्या. त्यांचे नाव गामा.

गामा यांचे खरे नाव गुलाम मुहम्मद बख्श. त्यांचा जन्म 1878 च्या सुमारास पंजाबात अमृतसर भागात झाला. वडील पहिलवान होते. पण गामा लहान असतानाच ते वारले. आजोळच्या माणसांनी मुलाला तालमीची गोडी लावली. 1888 साली जोधपूरला बैठकांची स्पर्धा झाली. शेकडो पहिलवान जमले होते. एकेक जण थकून बाजूला होत गेला. पण दहा वर्षांचा गामा शेवटच्या पंधरा जणांत टिकून राहिला. त्याचे वय पाहून महाराजांनी त्यालाच विजेता ठरवले. पुढे दतिया संस्थानात त्याच्या खुराकाची आणि मेहनतीची सोय झाली.

त्या काळी कुस्ती हा पहिलवानाचा पोटापाण्याचा व्यवसाय होता आणि संस्थानिक त्याला आश्रय देत. आपल्या कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराजही उत्तरेकडील मल्लांना मानाने बोलावत. खासबागेचे प्रसिद्ध मैदान त्यांनीच 1912 साली उभारले.

1895 साली गामांची गाठ रहीमबख्श सुलतानीवाला यांच्याशी पडली. रहीमबख्श हे नावाजलेले मल्ल होते आणि गामांपेक्षा फूटभर उंच होते. गामांचे वय अवघे सतरा! लोकांना वाटले, हा पोरगा आता उचलून फेकला जाणार. पण तसे घडले नाही. बराच वेळ झुंज होऊनही कुस्ती बरोबरीत सुटली. गामा परत तालमीत गेले आणि दररोज हजारो बैठका व जोर काढू लागले.

1910 साली ते भाऊ इमामबख्श यांच्यासह लंडनला गेले. तेथे त्यांची ठेंगणी उंची पाहून त्यांना स्पर्धेत घेईनात. तेव्हा गामांनी जाहीर आव्हान दिले, “कोणत्याही वजनाचे तीन पहिलवान अर्ध्या तासात पाडून दाखवतो.” अमेरिकेचे डॉक्टर रोलर यांनी ते स्वीकारले आणि गामांनी त्यांना चितपट केले. मग 10 सप्टेंबर रोजी त्यांची कुस्ती पोलंडच्या झिबिस्कोशी ठरली. पहिल्याच मिनिटात गामांनी झिबिस्कोला खाली घेतले. पण तो अडीच तासांहून अधिक वेळ गादीला चिकटून पालथा पडून राहिला. पालथ्या माणसाला उलटवून त्याची पाठ लावणे फार कठीण असते. कुस्ती बरोबरीत सुटली. 17 सप्टेंबरला ती पुन्हा व्हायची होती. गामा वेळेवर हजर झाले. झिबिस्को आलाच नाही. विजेत्याचा पट्टा गामांना मिळाला. पण कुस्ती अर्धीच राहिली.

मायदेशी परतल्यावर गामांनी अलाहाबादला सुलतानीवालांचा पराभव केला. एक अर्धी कुस्ती पूर्ण झाली. तरीही ‘तुमचा सर्वांत कठीण प्रतिस्पर्धी कोण?’ या प्रश्नाला ते सुलतानीवालांचेच नाव सांगत. हरवलेल्या माणसाचा मान राखायला मन मोठे लागते.

दुसरी कुस्ती पूर्ण व्हायला अठरा वर्षे लागली. मधल्या काळात झिबिस्को अमेरिकेत जगज्जेता झाला होता. 1928 साली तो पतियाळाला आला. दोघेही आता पन्नाशीकडे झुकले होते. मात्र या वेळी कुस्ती गादीवर नव्हती, गामांच्या ओळखीच्या मातीत होती. अडीच तासांत जे झाले नव्हते, ते एका मिनिटाच्या आत झाले. झिबिस्को चितपट झाला!

1947 साली फाळणीची आग भडकली, तेव्हा गामा लाहोरला राहत होते. त्या वेळी ते आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या रक्षणासाठी उभे राहिले, असे सांगतात. 1952 साली त्यांनी कुस्तीतून निवृत्ती घेतली. शेवटची वर्षे आजारपणात गेली आणि 23 मे 1960 रोजी लाहोरला त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, तुमच्याही अशा अर्ध्या कुस्त्या असतील. एखादे गणित सुटत नसेल, किंवा मराठीत उत्तर देताना वाक्य मध्येच अडत असेल. तेवढ्याने तुमची पाठ मातीला लागत नाही. या पाठातील पहिलवान, खुराक, मैदान हे शब्द तर तुम्हांला घरूनच ठाऊक आहेत. तुमच्या ‘उस्तादा’ला मराठी तालमीत ‘वस्ताद’ म्हणतात. म्हणजे या आखाड्यात तुम्ही परके नाही. रोजची मेहनत चालू ठेवा आणि पुन्हा मैदानात उतरा.

शब्दार्थ : अनिर्णित – निकाल न लागलेली, शड्डू ठोकणे – मांडीवर किंवा दंडावर थाप मारून आव्हान देणे, चितपट करणे – पाठ जमिनीला लावून हरवणे, पालथा – पोटावर पडलेला, आजोळ – आईचे माहेर.

स्वाध्याय
1. जोधपूरच्या स्पर्धेत गामांना विजेता का ठरवले?
2. लंडनची कुस्ती अर्धी राहिली, असे लेखक का म्हणतात?
3. प्रतिस्पर्ध्याविषयी गामांना आदर होता, हे कोणत्या प्रसंगावरून कळते?
4. तुमच्या एका ‘अर्ध्या कुस्ती’विषयी पाच वाक्ये लिहा.