बाबांचा आकडा आणि आईचा डाग

आई, बाबा,

फोनवर हे बोलणं होत नाही. आई स्पीकर लावते, बाबा मध्येच टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून लिहितोय.

बाबा, आधी तुमचा पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची ती रक्ततपासणी. ‘फुल बॉडी’ पॅकेजात तो तुम्ही मागितलाही नव्हता, आपसूक आला. रिपोर्टवर ६.२ ठळक छापलंय, शेजारी वर जाणारा बाण, आणि खाली तुमच्या लाल पेनाच्या दोन रेघा. महिनाभर ती फाइल उशाशी आहे.

तुम्ही ७९ वर्षांचे. वयाबरोबर प्रोस्टेट वाढतं, पीएसए चढतो. लघवीच्या जंतुसंसर्गानेही चढतो. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २०१८ साली सांगितलं, की सत्तरीपुढे उगाच ही तपासणी करू नये. प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेकदा फार संथ असतो, उपचारांचा त्रास मात्र लगेच सुरू होतो. ब्रिटनमध्ये बाहेर न पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सर असलेल्या १,६४३ जणांचे तीन गट केले. काहींचं ऑपरेशन, काहींना रेडिएशन, काहींवर नुसती नजर. १५ वर्षांनी पाहिलं, तर तिन्ही गटांत या कॅन्सरने गेलेले शंभरात तीनच्या आसपास. आणि हे सगळे जण निदानाच्या वेळी ५० ते ६९ वयाचे, म्हणजे तुमच्याहून तरुण होते.

डॉक्टरांना एकदा दाखवू, नाही म्हणत नाही. पण बायोप्सी सुचवली तर आधी विचारू : कॅन्सर निघालाच, तर बायपास झालेल्या या माणसासाठी आपण वेगळं काय करणार? मात्र लघवीत रक्त दिसलं, हाडं ठणकू लागली, तर त्याच दिवशी सांगा. तेव्हा गोष्ट वेगळी.

आई, आता तू. गणपतीत तू खळखळून हसलीस, तेव्हा तुझ्या गालाच्या आतला पांढरा डाग तुझ्या नातीला दिसला. ‘कवळी लागते गं,’ म्हणालीस. कवळी महिनाभर डबीत आहे, डाग तिथंच आहे. आणि मिसरी चाळीस वर्षांची. सगळं घर बाबांच्या आकड्याभोवती फिरतंय, आणि ज्यासाठी धावायला हवं ते तुझ्या तोंडात आहे! असे सगळे डाग कॅन्सरचे नसतात. पण तोंडातलं जे दोन-तीन आठवड्यांत बरं होत नाही, ते दाखवायचंच. ‘हात लावला की पसरतो’ म्हणतेस ना, तसं नसतं. लहानसा तुकडा काढून तपासल्याशिवाय कळणार कसं?

मामांना कॅन्सर झाला, तेव्हा आपण सगळ्यांनी मिळून त्यांना ‘अल्सर आहे’ सांगितलं. ते विचारत राहिले, ‘गावाकडे कधी नेता?’ आम्ही ‘पुढच्या केमोनंतर’ म्हणत राहिलो. पुढची केमो होती, गाव राहिलं. त्यांना सगळं कळत होतं, असं मला आजही वाटतं. तुमच्या बाबतीत मी हे करणार नाही. रिपोर्ट तुझा असेल तर आधी तुझ्या हातात पडेल.

‘वय झालं, आता कशाला’ हेही ऐकणार नाही. नुसता जन्माचा दाखला बघून उपचार ठरवायचे नसतात. परळच्या टाटात ज्येष्ठांसाठी वेगळं क्लिनिक आहे. तिथं चालणं, खाणं, विसरणं, आधीच्या गोळ्या हे सगळं बघतात. तू तर ७४व्या वर्षी भाजीची पिशवी घेऊन तीन जिने चढतेस. पैशांची काळजी नको. सत्तरीपुढच्यांसाठी आयुष्मान कार्ड आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत. तुमच्या दोघांची कार्डं काढायची माझ्याकडूनच राहिलीत, तेही करतो.

तुला काय नको, ते मात्र तू सांग. नळीने जेवण नको, घरापासून लांब राहणं नको, जे असेल ते. डॉक्टरांसमोर तूच बोलायचं, मी बाजूला बसेन.

मंगळवारी अकराची वेळ घेतली आहे. कवळी डबीतून आण. आणि सकाळी मिसरी लावू नकोस, डाग नीट दिसायला हवा.