गोश्त सुकवण्याचे यंत्र घेताना

जिल्हज्ज महिन्याच्या ११ ते १३ तारखांना अय्यामे तश्रीक म्हणतात. तश्रीक या शब्दाचा एक अर्थ जाणकार असा सांगतात की, गोश्ताच्या पट्ट्या कापून उन्हात पसरणे. अमेरिकेची 'जर्की' आज बाजारात नावारूपाला आली आहे. पण गोश्त सुकवून ठेवण्याची रीत आपल्याला परकी नाही.

अडचण आहे ती हवेची. अरबस्तानचे ऊन वेगळे आणि आपल्या मुरूड-श्रीवर्धनचे वेगळे. २०२५ साली बकरी ईद ७ जूनला आली आणि पाऊस त्याआधीच, २६ मे रोजी मुंबईत पोहोचला होता. अशा दिवसांत दोरीवर टांगलेले गोश्त सुकत नाही, नासते. मग यंत्राचा विचार मनात येतो.

रायगड-रत्नागिरीची बरीच कोकणी कुटुंबे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केपटाऊनला स्थायिक झाली. त्या देशात मीठ, व्हिनेगर आणि धणे लावून सुकवलेल्या गोश्ताला 'बिलटाँग' म्हणतात. घरगुती बिलटाँगची पेटी अगदी सोपी असते: लाकडी खोका, आत आकडे, तळाशी बल्ब आणि हवा जायला भोके. तिकडून आलेल्या पाहुण्याने वर्णन केले की आपल्याला वाटते, सुताराला सांगून अशी पेटी दोन दिवसांत होईल.

इथेच हिशोब चुकतो. पावसाळ्यात आपली हवा ३० अंशांची आणि दमटपणा ८० टक्के धरा. बल्बने ती हवा ३५ अंशांपर्यंत तापली तरी दमटपणा ६० टक्क्यांच्या आसपास राहतो. तीच हवा ६० अंशांपर्यंत तापवली तर तो साधारण १७ टक्क्यांवर येतो. ओलावा ओढून घेते ती ही दुसरी हवा. म्हणून यंत्र घेताना रंग, बटणे, ट्रे किती, हे नंतर पाहा. ते ५५ ते ६० अंश उष्णता सतत देते का आणि हवा खेळती ठेवते का, हे आधी पाहा.

मी स्वतः हे उलट केले. स्वस्तात मिळाले म्हणून एक यंत्र आणले. त्याच्या चकतीवर ७० लिहिले होते. आत थर्मामीटर ठेवला तेव्हा ४८ निघाले. पण हे तपासण्याची अक्कल चार किलो बोकडाचे गोश्त फेकून दिल्यावर आली. आयुष्यभर कापड मोजून घेणारा माणूस इथे मोजायला विसरला!

तेव्हा पहिली खरेदी थर्मामीटरची, तीही टोकदार सळीचा, गोश्तात खुपसता येईल असा. तो उकळत्या पाण्यात धरा. आपण समुद्रकाठी राहतो, त्यामुळे १०० च्या आसपास आकडा आला पाहिजे. याचा खरा उपयोग सुकवण्याआधी आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस अशी की, गोश्त आधी वाफेवर किंवा भट्टीत आतून ७१ अंशांपर्यंत तापवावे (कोंबडीचे ७४) आणि मगच यंत्रात घालावे. कारण ओलावा कमी होत गेला की जंतू उष्णतेला दाद देत नाहीत. उन्हात सुकवणाऱ्यांनीही ही पायरी गाळू नये.

यंत्रात पंखा पाठीमागे असलेला बरा. तळाशी असला तर चरबी आणि मसाला त्यावर ठिबकतो आणि ट्रेंची अदलाबदल करत बसावे लागते. जाळी स्टीलची घ्या. प्लास्टिकला वास धरतो. ५०० वॅटचे यंत्र सात तास चालले तर फार तर साडेतीन युनिट वीज जाते, म्हणजे खर्च विजेचा नाही, गोश्ताचा आहे. एक किलो चरबीविरहित गोश्ताचे सुकून साधारण तिसरा हिस्सा उरते. मधेच वीज गेली आणि लवकर येण्याची आशा नसेल तर गोश्त तसेच ठेवू नका, शिजवून खाऊन टाका.

बाकी सामान घरातलेच. सुरी धारदार हवी. गोश्त तास-दोन तास फ्रीजरमध्ये घट्ट करून घेतले की पाव इंचाचे सारखे काप पडतात. चरबी काढून टाका, ती खवट होते. अनेक जण मलमल अंथरतात. कापडाच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, मलमल ओल धरून ठेवते आणि तिचे धागे गोश्ताला चिकटतात. झालेला तुकडा थंड करून वाकवून पाहा. तडा जावा, पण मोडू नये. मग काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि महिना-दोन महिन्यांत संपवा.

फक्त ईदसाठी यंत्र घ्यायचे का? माझ्या मते, नाही. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. २०२८ साली ती मेच्या पहिल्या आठवड्यात येईल आणि तेव्हा आपल्याकडे कडक ऊन असेल. पण आंबोशी, आमसुले, फणसाचे गरे यांसाठीही जे घर यंत्र वापरेल, त्याचे पैसे वसूल होतील. गोश्ताच्या जाळ्या मात्र वेगळ्या ठेवा.

धंदा म्हणून पाहणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. कुर्बानी करणाऱ्याला तिचे गोश्त विकता येत नाही, माल बाजारातून विकत घेतलेलाच हवा. आणि २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना घेतल्याशिवाय एक पाकीटही विकू नये. त्याआधी नमुना प्रयोगशाळेत देऊन 'वॉटर ॲक्टिव्हिटी' तपासून घ्या. जर्कीसाठी ती ०.८५ च्या वर जाता कामा नये.