ब्लॉकच्या भिंतीला बाहेरून रंग : बंदीत तयारी, दिवाळीनंतर ब्रश



१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारी बंदी. होड्या वर, हात मोकळे. त्यामुळे दोन दिवस उघडीप मिळाली की घराला किंवा जाळ्यांच्या खोलीला रंग देऊन टाकू, असं पुष्कळांना वाटतं. कृपया तसं करू नका. पैसे फुकट जातात.

कारण साधं आहे. सिमेंटचा ब्लॉक स्पंजासारखा पाणी ओढतो. आपल्याकडे दर्यावरचा वारा, म्हणून भिंतीवर मीठही बसतं. अशा ओल्या भिंतीवर रंग दिला की पाणी आत अडकतं. ऊन तापलं की ते वाफ होऊन बाहेर यायला बघतं आणि रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात. आपण डब्याला दोष देतो, पण दोष ओलीचा असतो.

बंदीच्या दिवसांत एवढंच करा

पाऊस पडत असताना घराभोवती फिरा. पाणी कुठून शिरतं ते बघा: खिडकीखालची भेग, ब्लॉकचे सांधे, छप्पर टेकतं ती जागा, पागोळीचं पाणी उडतं तो पाया. तिथे खुणा करा. हे उन्हाळ्यात कळत नाही.

पाऊस गेल्यावर

१. भेगा आणि सांधे भरून घ्या. नवा गिलावा केला तर निदान ७ दिवस पाणी मारा आणि रंगाआधी २८ दिवस जाऊ द्या. ताज्या सिमेंटमधला क्षार रंग खातो.

२. पांढरं मीठ फुटलं असेल (लोणा) तर आधी सुक्या ब्रशने झाडा. थेट पाणी मारलं तर ते विरघळून परत आत जातं. नंतर गोड्या पाण्याने धुवा, खाऱ्या नव्हे.

३. शेवाळ ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासा. हातात मोजे घाला. त्यात ॲसिड अजिबात मिसळू नका, विषारी वायू होतो.

४. भिंत सुकली का, हे असं बघा. हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि एक दिवस-रात्र ठेवा. आतून दव दिसलं तर अजून थांबा.

रंग देताना

आधी बाहेरच्या भिंतीचा, क्षार सोसणारा प्रायमर. त्यावर बाहेरच्या ॲक्रिलिक इमल्शनचे दोन हात. पहिला हात पूर्ण सुकू द्या. किती तास आणि किती पाणी, ते डब्यावर लिहिलेलं असतं. रंगारी जास्त पाणी घालतोय का, यावर लक्ष ठेवा. उघडा ब्लॉक खरखरीत असतो, रंग जास्त पितो, तेव्हा हिशेब थोडा वाढवूनच धरा.

तापलेल्या भिंतीवर रंग देऊ नका. वरचा थर लगेच सुकतो आणि खाली पकड धरत नाही. भिंतीवर तळहात ठेवा, चटका बसला तर थांबा. सावलीमागून चला: सकाळी दव सुकल्यावर पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची. सूर्य मावळायच्या दोनेक तास आधी ब्रश ठेवा, नाहीतर ओल्या रंगावर दव पडतं.

रंग पांढरा किंवा फिका घ्या. गडद भिंत जास्त तापते आणि त्याचा त्रास आत झोपणाऱ्यांना होतो.

होडीचा उरलेला रंग भिंतीला नको

ऑइल पेंटमधलं तेल आणि सिमेंटचा क्षार एकत्र आले की त्याचा चक्क साबण होतो. रंग चिकट पडतो, मग सुटतो. होडीच्या बुडाला लावतो तो रंग तर विषारी असतो, घराला मुळीच लावू नका. तिथे पोरं हात लावतात.

ज्यांना यंदा रंग द्यायचा आहे त्यांनी भिंतीची लांबी-उंची मोजून कार्यालयात कळवावी. मिळून घेतला तर दुकानात दर बोलता येईल.

आपला,
सचिव