आघात चुकला की कर्ता बदलतो

अजिंठा-वेरूळमुळे आपल्या छत्रपती संभाजीनगरात परदेशी पाहुण्यांशी त्यांच्याच भाषेत बोलण्याची ओढ अनेकांना असते. त्यांतल्या स्पॅनिश शिकणाऱ्यांना माझे अनुभवाअंती एकच सांगणे आहे: शब्द देवनागरीत उतरवून पाठ करू नका. ‘पिंतो’ असे लिहिले की दोन निराळे शब्द एकसारखे दिसतात. ‘पिन्’वर जोर दिला तर ‘मी रंगवतो’, ‘तो’वर दिला तर ‘त्याने रंगवले’. स्पॅनिशमध्ये कर्ता बहुधा गाळतात. तेव्हा चित्र कोणी काढले हे तो जोरच सांगतो. ‘संदर्भावरून कळते की’ असे कोणी म्हणेल. एखाद्या शब्दापुरते ते खरे. पण ऐकणारा दर वाक्याला मनात दुरुस्ती करत राहिला, तर त्याचे लक्ष चित्रावर कसे राहणार?

जोर शोधायचा तर आधी शब्द नीट तोडता आला पाहिजे. दोन स्वरांमधले एकटे व्यंजन पुढे जाते: हत्ती म्हणजे ए-ले-फान्-ते. दोन व्यंजने असली तर एक मागे, एक पुढे; मात्र ‘प्ल’, ‘द्र’ अशा जोड्या फुटत नाहीत, म्हणून दगड हा प्ये-द्रा. लेण्याचा शब्द क्वे-वा, दोनच तुकड्यांचा. वहीत ‘कुएवा’ लिहिले की त्याचे तीन होतात. ही तोड आपल्याला परकी नाही. ‘पुस्तक’मधला ‘पु’ गुरू होतो, कारण उच्चारात ‘स्’ त्याला चिकटतो. पण गुरू म्हणजे आघात नव्हे. शिल्पाच्या एस्-कुल्-तु-रा या शब्दात पहिले दोन तुकडे गुरू असूनही आघात ‘तु’वरच येतो. शब्दाच्या शेवटी स्वर, न् किंवा स् असेल तर आघात शेवटून दुसऱ्या तुकड्यावर. दुसरे व्यंजन असेल तर शेवटच्यावर, जसे भिंतीच्या पा-रेद् शब्दात. याला अपवाद असलेल्या शब्दांत आघाताच्या स्वरावर तिरकी खूण असते. कैलास लेण्याचा क्रमांक 16, म्हणजे द्ये-सि-सेइस्. शेवटी स् असूनही खुणेमुळे आघात शेवटी जातो.

मुले नियमांवाचून भाषा शिकतात, हा आक्षेपही बरोबर आहे. पण त्यांच्या कानांवर ती जन्मापासून पडते. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे लक्षच देत नाही. काय ऐकायचे ते त्याला आधी सांगावे लागते. म्हणून शब्द रोमन लिपीतच लिहा, तुकडे पाडा, आघाताखाली रेघ ओढा आणि मग ऐका. ती तिरकी खूण कधीही गाळू नका. ती शोभेसाठी नसते, शब्दाच्या लेखनाचाच भाग असते.