लेकीच्या बाळंतपणात मी शिकलेली मासळी

१. इंग्रजी नावावर जाऊ नका. मी मालवणची, लेक न्यू जर्सीत. दवाखान्यातून तिला गरोदरपणी टाळायच्या मासळीची यादी मिळाली. त्यात ‘किंग मॅकरेल’ दिसला नि तिने बांगडाही सोडला, कारण तोही मॅकरेलच. पण किंग मॅकरेल हा आपल्या सुरमईचा भाऊबंद, मोठा, दुसरी मासळी खाणारा. बांगडा वीतभर. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या तपासणीत किंग मॅकरेलमध्ये किलोमागे सरासरी ०.७३ मिलिग्रॅम पारा भरला, बांगड्यासारख्याच लहान अटलांटिक मॅकरेलमध्ये ०.०५.

२. मोरीचा हट्ट सोडा. हे मला फार जड गेलं. आमच्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरीचं कालवण देतात. आईने मला दिलं होतं, म्हणून मसाला बांधूनच मी गेले होते. लेक म्हणाली, “आई, शार्क म्हणजे मोरीच ना? मूल अंगावर पितंय तोवर नको.” मी दोन दिवस रुसले. मग तिने समजावलं. पाण्यातले जिवाणू पाऱ्याचं विषारी मिथाइल मर्क्युरी करतात. ते शेवाळातून बारक्या जिवांत, त्यांच्यातून लहान माशांत जातं, आणि वर्षानुवर्षं जगणाऱ्या मोरीत साठत राहतं. तिच्यात किलोमागे सरासरी ०.९८ मिलिग्रॅम पारा, तारलीत ०.०१३. म्हणजे पंचाहत्तर पटींचा फरक!

तरी मन वळलं ते मिनामातामुळे. जपानच्या त्या गावात कारखान्याने पारा खाडीत सोडला. तिथली मासळी खाऊन मांजरं झिंगून मेली, १९५६मध्ये माणसांचा आजार उघड झाला. काही आयांना फारसा त्रास नव्हता, पण त्यांच्या पोटची मुलं अपंग जन्मली. हे ऐकल्यावर मी मोरीचं नाव काढलं नाही.

३. चुलीवर पारा जात नाही. हळद-मीठ लावा, कोकम घाला, खरपूस तळा. तो मांसातच असतो. कातडं काढूनही उपयोग नाही.

४. डब्यातला टूना घेताना जात बघा. ‘अल्बाकोर’मध्ये ‘लाइट’च्या जवळजवळ तिप्पट पारा असतो.

५. मासळी बंद मात्र करू नका. बाळाच्या मेंदूला ती हवीच. आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम कमी पाऱ्याची मासळी खावी, असं तिकडचे तज्ज्ञच सांगतात. देशी दुकानात गोठवलेल्या तारल्या मिळाल्या. बांधून नेलेल्या मसाल्यात मी त्यांचं तिखलं केलं. लेकीच्या मांडीवर बाळ होतं, म्हणून एकेका तारलीचा काटा काढून मीच तिला भरवलं.