उगवतीकडचं पाणी

पोरी, कॅमेरा घेतलास, आता समुद्रावरचा सूर्योदय टिपायचा म्हणतेस. तर आधी दिशा समजून घे. आपल्या कोकणचा किनारा मावळतीकडे तोंड करून बसलाय. हर्णै असो की गुहागर, तिथे सूर्य उगवतो तो तुझ्या पाठीशी, डोंगराआडून. पाण्यापलीकडून वर येणारा सूर्य हवा असेल तर लांब जायला नको, मुंबईचं गेटवे गाठ. बंदर शहराच्या पूर्वेला आहे, त्यामुळे पाणी बरोबर उगवतीला येतं.

डिसेंबरात तिथे सूर्य उरणच्या अंगाने निघतो आणि सरकत सरकत मे अखेरीला घारापुरीच्या अंगाला येतो. म्हणून कुठे उभं राहायचं ते महिना पाहून ठरव. वेळ पंचांगात पाहा आणि तिच्या पाऊण तास आधी पोच. खरे रंग सूर्य निघण्याआधीच येऊन जातात, आणि उशिरा आलेल्या माणसाला ते कुणी पुन्हा दाखवत नाही. अंधारातच चौकट लावून ठेव, क्षितिज सरळ आहे ना ते तपास. ट्रायपॉड उघडण्याआधी बंदोबस्तावरच्या पोलिसांना विचार. उत्तरेला नौदलाची गोदी आहे, तिकडे कॅमेरा वळवायचा नाही.

आता लाँचींचं. पुस्तकात वाचशील की पाण्यावर शटर सावकाश ठेवावं, पाणी रेशमी दिसतं. रिकाम्या किनाऱ्यावर ते खरं. इथे नांगरलेली प्रत्येक लाँच लाटेवर डुलत असते; अर्ध्या सेकंदात तिच्या कडा पुसल्या जातात आणि काळ्या आकृतीची सगळी धार जाते. शटर १/१२५ च्या खाली नेऊ नको, त्यासाठी आयएसओ ८०० करावा लागला तरी कर. थोडे दाणे परवडतात, हललेली होडी नाही. हिवाळ्यात कुरव पक्षी येतात, त्यांच्यासाठी १/१००० लागेल.

सूर्य चौकटीत आला की कॅमेरा फसतो, बाकी सगळं काळंठिक्कर करतो. म्हणून सूर्याशेजारच्या आकाशावर मीटर घे आणि एक्स्पोजर तिथेच लॉक कर. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नको, तो तांबडेपणा धुऊन काढतो, डेलाइटवर ठेव. फाइल रॉ घे.

सूर्य मोठा हवा? लेन्सच्या मिलिमीटरला ११० ने भाग, सेन्सरवर सूर्य साधारण तेवढाच पडतो. २४ च्या लेन्सने पाव मिलिमीटरही नाही, २०० ने जवळजवळ दोन. मात्र बिंब झगझगीत झालं की त्या लांब लेन्समधून डोळा लावायचा नाही. क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण वर यायला त्याला दोन मिनिटांच्या थोडंच वर लागतं, तेवढ्यात लेन्स बदलत बसू नको.

आणि मग पाठ फिरव. हे बहुतेक जण करतच नाहीत. १९२४ साली खुली झालेली ती कमान पिवळसर बेसॉल्टची आहे, पहिलं ऊन तिच्यावर पडलं की दगड आतून तापल्यासारखा दिसतो. माझ्या मते गेटवेचा सकाळचा सर्वांत चांगला फोटो तोच.

घरी आलीस की काचेवरचा खार कोरड्या फडक्याने घासू नको, आधी ओलसर कापडाने टिपून घे. ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय कपाटात ठेवू नको.